दस्त्यामागचा खांदा

अर्जदार : एक सशस्त्र सुरक्षारक्षक, वय पन्नाशीच्या पुढे, राहणार हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम. नात्याने माझे साडू.

लिहिणार : मी स्वतः. व्यवसाय अर्जलेखन. बैठक उल्हासनगर येथील एका सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीलगत.

ज्यांच्याविरुद्ध : सुरक्षारक्षक पुरवणारी एक खाजगी एजन्सी.

घटनेचा दिनांक : दिवाळीनंतरचा एक रविवार, सकाळची वेळ.

साक्षीदार : एक, अर्जदाराची पत्नी, जी घटनास्थळी नव्हती. दोन, एजन्सीचा सुपरवायझर, जो साक्ष देणार नाही. तीन, मी, ज्याने फक्त आवाज ऐकला.

तक्रारीचे स्वरूप : बंदुकीने मागे दिलेला धक्का.

नावाशिवाय कोणतीही तक्रार ग्राह्य धरली जात नाही, हे मला इतर कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक आहे. नाव नसलेला अर्ज घेऊन कोणी माझ्या टेबलाशी आले तर मी त्याला परत पाठवतो. परंतु या प्रकरणात नाव लिहिले तर ज्याच्यासाठी लिहायचे त्याचीच नोकरी जाईल, आणि काहीच लिहिले नाही तर त्याचा उजवा हात जाईल, अशी माझी खात्री होत चालली आहे. सबब हा मजकूर अर्जाच्या नमुन्यात सुरू होत असला तरी तो अद्याप कोणाच्याही टेबलावर ठेवलेला नाही.

माझ्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. नववीचे वर्षही पुरे झाले नाही. तथापि माझ्या हातचे अर्ज वाचून "हे कोणी लिहिले?" अशी विचारणा अधिकाऱ्यांनी केल्याचे प्रसंग घडलेले आहेत, आणि ती विचारणा प्रत्येक वेळी रागानेच केली होती असे नाही. रेशनकार्डातून गळलेली नावे, सातबाऱ्यावरच्या चुका, नळजोडणी, वारसनोंद, शेतीसंरक्षणाच्या बंदुकीच्या परवान्याचे नूतनीकरण, असे सर्व विषय मी हाताळतो. काम हाती घेण्यापूर्वी विषय मुळापासून समजून घ्यायचा, ही माझी पद्धत आहे. इतर अर्जलेखक छापील नमुन्यात नाव भरतात. मी चौकशी करतो.

आता साडूंविषयी. त्यांची पत्नी ही माझ्या पत्नीची थोरली बहीण. मी तिला ताई म्हणतो, ती मला भाऊजी म्हणते. साडू-साडूंत जी जन्मभराची चढाओढ असते ती आमच्यातही आहे. ते लष्करातून शिपाई म्हणून निवृत्त होऊन आले तेव्हा मी त्यांना फौजी म्हणू लागलो. मी अर्ज लिहू लागलो तेव्हा ते मला वकीलसाहेब म्हणू लागले. दोन्ही संबोधनांत आदराचा अंश अल्प होता. सासुरवाडीच्या पंगतीत ते सर्वांसमोर म्हणत, "वकीलसाहेबांना पापड वाढा. मोडायच्या आधी ते अर्ज करतील, तेवढा वेळ द्या त्यांना." त्यावर मी म्हणत असे, "फौजींना दोन वाढा. सगळी नोकरी भांडारात पोती मोजण्यात गेली, दमले असतील." लष्करात त्यांची बहुतेक वर्षे खरोखरच भांडारात गेली होती, त्यामुळे हे त्यांना झोंबत असे.

निवृत्तीनंतर त्यांनी दुनळी बंदुकीचा परवाना काढला आणि उल्हासनगर कॅम्प चारमधील एका सराफी दुकानाच्या दारात ते गनमॅन म्हणून उभे राहिले. आमच्या भागात ही नोकरी माणसापेक्षा बंदुकीला मिळते. ज्याच्याकडे स्वतःचा परवाना आणि स्वतःची बंदूक, त्याला काम. दुकानाचे शेठ सिंधी गृहस्थ, बोलण्यात गोड. नवीन गिऱ्हाईक आले की ते मुद्दाम दाराकडे बघून म्हणत, "फौजी साईं, बंदूक दिखनी चाहिए, चलनी नहीं चाहिए." खंडेनवमीला ते तराजूबरोबर साडूंच्या बंदुकीलाही हळदकुंकू लावीत आणि नळीवर झेंडूचे फूल ठेवीत. त्या दिवशी साडू अगदी नवरदेवासारखे उभे असत.

त्या बंदुकीतून दुकानाच्या दारात एकदाही बार उडाला नाही. उडालेल्या प्रत्येक काडतुसाचा जाब द्यावा लागतो, म्हणून हे लोक सरावालासुद्धा काडतूस वाया घालवीत नाहीत. परिणामी वर्षानुवर्षे बंदूक खांद्याला अडकवून हिंडणाऱ्या या माणसांचा तिच्याशी संबंध तिच्या वजनापुरता उरतो. तिचा मार कसा असतो, हे त्यांचे शरीर विसरून गेलेले असते.

गेल्या उन्हाळ्यात साडू पडले. इमारतीच्या गच्चीवरील टाकीत पाणी चढले की नाही हे बघायला ते लोखंडी शिडीवर चढले होते. शिडीची एक पायरी सुटली आणि ते उजव्या खांद्यावर आपटले. मानेखालचे आडवे हाड, ज्याला डॉक्टर कॉलरबोन म्हणतात, ते मोडले असावे. "असावे" असे लिहावे लागते, कारण त्याचा फोटो काढलेलाच नाही. मी रिक्षा घेऊन गेलो तेव्हा ते पलंगावर घामाघूम होऊन बसले होते.

"चला दवाखान्यात," मी म्हणालो.

"नाही."

"अहो, हात लोंबतोय."

"एक्स-रे म्हणजे कागद," ते म्हणाले. "कागद म्हणजे पोलीस ठाणं. पोलीस ठाणं म्हणजे परवाना. तुम्हाला कागदाचं मी शिकवायचं, वकीलसाहेब?"

परवान्याच्या नूतनीकरणाला प्रकृतीचा दाखला लागतो, आणि तो दाखला खांद्याच्या फोटोसमोर टिकणार नाही, अशी त्यांची भीती. या भीतीपोटी अनेक गनमॅन दवाखाना टाळतात, हे मला पुढे समजले. कुळगावच्या पलीकडे हाड बसवणारे एक वैदू आहेत. त्यांच्याकडे अशा कित्येक खाकी सदऱ्यांची वर्दळ असते. त्यांनी तेल लावून, बांबूच्या कामट्या लावून हाड बसवले. हाड जुळले खरे, पण जुळले ते वाकडे. सदऱ्याखाली लिंबाएवढा उंचवटा कायमचा राहिला. कागद मात्र एकही झाला नाही. या गोष्टीचा साडूंना तेव्हा अभिमान वाटला होता.

दिवाळी झाली आणि एजन्सीचा निरोप आला. दुकानाचा करार आता तिच्याकडे गेला होता, आणि तिच्या वरच्या साहेबांनी ठरवले होते की प्रत्येक गनमॅनने मैदानावर जाऊन दोन बार उडवून दाखवायचे. जो उडवू शकणार नाही त्याला बंदुकीवरून काढून काठीवर टाकायचे. काठीवर म्हणजे एखाद्या इमारतीच्या फाटकाशी, गाड्यांचे नंबर लिहीत. शिवाय बंदूक एजन्सीचीच वापरायची, म्हणजे सर्वांची परीक्षा सारखी.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्या टेबलाशी आली. ती कधी तिथे येत नाही. गिऱ्हाइकांच्या रांगेत ती चुपचाप उभी राहिली आणि तिचा नंबर आल्यावरच समोर बसली.

"भाऊजी, काठी घेऊन हा माणूस जगणार नाही," ती म्हणाली.

"असं का बोलता, ताई? काठी घेऊन खूप माणसं जगतात."

"जगतात. हे नाही जगणार. रात्री घरी आल्यावर आधी बंदूक पुसतात, मग हात धुतात. मी वर्षानुवर्षं बघतेय." तिने मागच्या रांगेकडे एकदा पाहिले. "पण बार उडवला तर ते हाड टिकेल का, तेवढं मला सांगा. तुम्ही लिहिता ना बंदुकीचे अर्ज."

विषय माझ्या अभ्यासाचा नव्हता, आणि अभ्यासाशिवाय बोलणे मला जमत नाही. मी चौकशी सुरू केली.

या चौकशीतला पहिला साक्षीदार मी स्वतःच. तरुणपणी मी होमगार्डमध्ये होतो आणि आम्हाला जुन्या थ्री नॉट थ्री रायफलीतून गोळ्या झाडायला लावल्या होत्या. तिच्या दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागाच्या, मागे धातूचा पत्रा असतो. बार उडाला की तो पत्रा खांद्याच्या एकाच जागी येऊन आदळतो. तो धक्का आखूड असतो आणि टोकदार असतो. मी घाबरून दस्ता खांद्यापासून जरासा दूर धरला होता. शिकवणारे उस्ताद माझ्या कानाशी ओरडले, "दाबून धर! जागा दिलीस तर ती धावत येऊन मारेल!" त्यांचे ऐकेपर्यंत बार उडून गेला होता. नंतर कित्येक दिवस मला उजव्या हाताने पाण्याची बादली उचलता आली नाही. गोळी पुढे जाते तेवढ्याच नेटाने बंदूक मागे येते, हे विज्ञानाच्या गुरुजींनी फुगा सोडून आम्हाला दाखवले होते. ती गोष्ट मला त्या दिवशी कळली. शब्दकोशात या धक्क्याला प्रतिक्षेप असा शब्द आहे. यापुढे मी दोन्ही शब्द वापरीन.

अंबरनाथच्या शिवमंदिराच्या जत्रेत फुगे फोडायला जी छऱ्याची बंदूक देतात, तीही मी खांद्याला लावून पाहिलेली आहे. तिच्यात दारू नाही, स्प्रिंग आहे. ती गालाशी थरथरते, इतकेच. ज्यांची बंदुकीशी ओळख जत्रेत होते, त्यांना बंदूक म्हणजे गंमत वाटते. एजन्सीचे वरचे साहेब त्यांपैकीच असावेत, असा माझा अंदाज आहे.

बारवी धरणाच्या अंगाला डोंगरातल्या एका पाड्यावरचे एक म्हातारे शेतकरी भाताच्या राखणीच्या बंदुकीचा परवाना माझ्याकडून लिहून घेतात. त्यांची बंदूक ठासणीची. त्यांना मी विचारले, "बाबा, तुमची बंदूक खांद्याला किती मारते?"

"मारीत नाय, लोटते," ते म्हणाले. "म्हशीनी शिंग न लावता नुसता कपाल लावला ना, तसा. आपून मागं सरकायचा. अडून ऱ्हायला का मंग दुखतंय."

"आणि डुक्कर?"

"डुक्कर कशाला मरतंय! आवाजानी पलतंय. धूर येवढा व्हतो का मलाच माजा बांध दिसत नाय."

पाठीमागच्या बाकावर बसलेली गिऱ्हाइके हसली. मी हसलो नाही, कारण मी टिपण करीत होतो. जुनी काळी दारू हळू जळते, म्हणून तिचा धक्का लांबट आणि मऊ असतो, एवढे मला त्यातून घेता आले.

त्याच आठवड्यात बदलापूरचे एक बांधकाम व्यावसायिक फेरफाराच्या कामासाठी आले. कमरेला परवान्याचे पिस्तूल. पिस्तुलाचा धक्का खांद्यापर्यंत येतो का, असे विचारताच ते खुलले. "खांद्याचा काय संबंध, साहेब? हा सगळा मनगटात. नळी वर उसळते, तिला परत खाली आणावी लागते. पहिल्यांदा उडवलं तेव्हा माझ्या घड्याळाचा पट्टाच तुटला!" पट्टा तुटल्याचा त्यांना आनंद वाटत होता. त्यांच्या अंगातली हाडे मजबूत होती आणि नोकरी कोणाच्या हातात नव्हती.

या सर्वांवरून मी निष्कर्ष काढला तो असा. काडतूस तेच असले तरी बंदूक जितकी जड, तितकी ती मागे सावकाश येते. जितकी हलकी, तितकी ती चवताळून येते. साडूंची दुनळी जुनी आणि जड होती, आणि तिच्या दस्त्याला झिजलेली का होईना, रबरी गादी होती. एजन्सीची बंदूक पंपाची, म्हणजे प्रत्येक बारानंतर नळीखालची मूठ मागेपुढे ओढून पुढचे काडतूस चढवायची; ती नवी, हलकी, आणि तिच्या दस्त्याला मागे नुसते कडक प्लास्टिक. म्हणजे परीक्षा सर्वांना सारखी असली तरी मार सारखा नव्हता.

यावर मी अर्ज लिहिला. "अर्जदारास स्वतःच्या परवानाधारक शस्त्राने चाचणी देण्याची अनुमती मिळावी" असा त्याचा विषय. हाडाचा उल्लेख त्यात एका अक्षरानेही नव्हता. शस्त्राशी असलेला दीर्घ परिचय, शस्त्राच्या वजनातील भेद, प्रतिक्षेपाचे स्वरूप, असे तीन परिच्छेद. माझ्या चांगल्या अर्जांत मी तो आजही धरतो. साडूंनी तो वाचून, इतक्या वर्षांत प्रथमच, कोणताही टोमणा मारला नाही.

एजन्सीचा सुपरवायझर पंचविशीतला, मोटारसायकलवर बसूनच त्याने तो वाचला. वाचता वाचता त्याचे ओठ हलत होते.

"अंकल, मराठी एकदम भारी आहे," तो म्हणाला. "पण ये प्रतिक्षेप क्या होता है?"

"बंदुकीचा मागे येणारा धक्का."

"तो धक्का लिखो ना." त्याने कागद परत दिला. "आणि तसं पण काय होणार नाय. सब के लिए सेम गन. दोन राऊंड, बस. फौजी माणूस आहेत, घाबरतात काय?"

साडू शेजारी उभे होते. "कोण घाबरतंय?" ते म्हणाले.

त्या दोन शब्दांनी माझे तीन परिच्छेद संपले.

शनिवारी संध्याकाळी मी आणि माझी पत्नी हेंद्रेपाड्याला गेलो. ताईने एक गोष्ट तयार करून ठेवली होती. जुन्या गोधडीचा एक चौकोन कापून, त्यात मऊ झालेल्या लुगड्याच्या घड्या भरून, बारीक धावदोऱ्याने शिवून तिने खांद्यासाठी गादी केली होती आणि ती बनियनला आतून टाचली होती. ताईच्या हातची गोधडी आमच्या सबंध नात्यात प्रसिद्ध आहे. बाळंतिणीला तिची गोधडी पोचल्याशिवाय बारसे झाल्यासारखे वाटत नाही. साडू ती बनियन घालून, वर सदरा चढवून, आपली रिकामी दुनळी खांद्याला लावून कपाटाच्या आरशासमोर उभे राहिले.

"कसा दिसतोय?"

"एका बाजूनं हमाल," मी म्हणालो.

"आणि दुसऱ्या बाजूनं?"

"दुसऱ्या बाजूनंही हमालच, पण बिनओझ्याचा."

बायका हसल्या. तेवढ्यात साडूंबरोबर त्याच बाजारात उभे राहणारे दुसरे एक वयस्क गनमॅन आले. त्यांनी अनुभवी आवाजात सल्ला दिला, "गादी-बिदी सोडा. दस्ता खांद्याला टेकवूच नका. दोन बोटं जागा ठेवा. धक्का हवेत जिरतो."

मी ताबडतोब हरकत घेतली. उस्तादांचे वाक्य सांगितले, बादलीची हकीकत सांगितली. ते गृहस्थ म्हणाले, "तुम्ही कागद चालवता, आम्ही बंदूक चालवतो."

"तुम्ही शेवटची कधी चालवली?" मी विचारले.

ते चहा पिऊ लागले.

जागा न ठेवण्याचे ठरले आणि गादी ठेवण्याचे ठरले. ती मऊ होती, जाड होती, आणि ताईने तीन संध्याकाळी डोळे ताणून शिवली होती. तिच्याविरुद्ध बोलावे असे त्या खोलीत कोणालाही वाटले नाही. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट बसावा लागतो, आणि जाड गादीमुळे तो खोबणीच्या वरच राहतो, ही गोष्ट आम्हा कोणाच्याही ध्यानात आली नाही. आरशात तर सर्व ठीक दिसत होते. रिकाम्या बंदुकीने ते ठीकच दिसणार.

रविवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. मैदान डोंगराच्या पायथ्याशी होते. मला फाटकाबाहेर थांबवण्यात आले, कारण मी "संबंधित व्यक्ती" नव्हतो. बाहेर दगडी बांधावर दुसऱ्या रक्षकांचे दोन-चार नातेवाईक बसले होते. एकाने लाडूंचा डबा आणला होता, उत्तीर्ण झाल्यावर वाटायला. आत एकेकाचे नाव पुकारले जाई, मग बार, मग धातूचा खटका, मग दुसरा बार. साडूंचे नाव मी ऐकले. पहिला बार झाला. मग खटका झाला. मग बराच वेळ काहीच झाले नाही. डबेवाला म्हणाला, "निशाणा धरत असतील." मग दुसरा बार झाला.

आवाज दोन्ही वेळा सारखाच होता. आवाजावरून धक्का कळत नाही, एवढे मी त्या बांधावर बसून शिकलो, आणि ते कोणत्याही साक्षीदाराने मला सांगितलेले नव्हते.

ते बाहेर आले तेव्हा त्यांनी उजवे कोपर डाव्या तळहातात धरले होते. प्रमाणपत्र सुपरवायझरने स्वतः त्यांच्या खिशात खोचले होते आणि तो त्यांच्या पाठीवर थाप मारीत होता, उजव्या बाजूला. "अंकल, एक नंबर! दोनो बोर्ड पे!"

साडू हसले. त्यांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता.

डबेवाल्याने लाडू पुढे केला. त्यांनी तो डाव्या हाताने घेतला, उभ्यानेच खाल्ला आणि आभार मानले. रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, "पहिल्याला काही नाही. गादीत शिरली. पंप मारला तेव्हा गादी वर सरकली. मला कळलं. दस्ता हाडावर बसला, तेही कळलं."

"मग थांबायचं ना! सांगायचं!"

"काय सांगायचं? माझ्या बायकोची गोधडी सरकली म्हणून?"

अंबरनाथच्या उड्डाणपुलावर रिक्षा खड्ड्यात आदळली तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "पास झालोय ना, वकीलसाहेब? खिशातला कागद वाचा. नीट वाचा."

मी वाचला. ते उत्तीर्ण झाले होते. शेरा "समाधानकारक" असा होता.

त्यानंतरची स्थिती येणेप्रमाणे. साडू दवाखान्यात गेलेले नाहीत. वैदूंनी यावेळी हाताला तेलसुद्धा लावले नाही. "फोटो काढा" एवढेच ते म्हणाले. साडूंचा उजवा हात कोपराच्या वर येत नाही. रात्री बोटांना मुंग्या येतात. ताई भाताचे घास कालवून ताट त्यांच्या डाव्या बाजूला ठेवते. त्या जेवत्या माणसाकडे न बघता तिने मला विचारले होते, "भाऊजी, माझ्या गादीनंच झालं ना हे?" मी म्हणालो, की त्यास तीन कारणे आहेत : जुने हाड, हलकी बंदूक आणि एजन्सीचा आग्रह. चौथे मी उच्चारले नाही. तिने ते माझ्या मोजण्याच्या पद्धतीवरून ओळखले असावे. बनियनची गादी तिने उसवली, आणि आत भरलेले लुगडे धुऊन दोरीवर वाळत घातले. तिच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे माझ्या पत्नीने, घरी आल्यावर मला विचारले, "नाही म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?" मी म्हणालो, मला खोटे लिहिता येत नाही. ती म्हणाली, "लिहायचं कुठं होतं? बोलायचं होतं."

मागच्या आठवड्यात मी मुद्दाम कॅम्प चारमध्ये गेलो. दुकानाच्या दारात साडू उभे होते. बंदूक डाव्या खांद्याला अडकवलेली. उजवा हात पॅंटच्या खिशात, ऐटीत घातल्यासारखा. काचेच्या दारातून आत जाणाऱ्या बायका त्यांच्याकडे बघून निश्चिंत होत होत्या. शेठ मला ओळखतात. त्यांनी आतूनच आवाज दिला, "आवो साईं! तुमचे फौजी तर पास झाले. मी सगळ्या बाजाराला सांगितलं, आपला माणूस दोन्ही गोळ्या बोर्डावर मारतो!"

मी साडूंना हळूच म्हणालो, "उद्या खरंच कोणी आलं तर?"

"आजवर आलंय कोणी?"

"आलं तर उचलता येईल का?"

ते रस्त्याकडे बघत होते. एक टेम्पो मागे येत होता आणि त्याला हात दाखवायला त्यांनी बंदुकीच्या पट्ट्यावरचा डावा हात काढला, तेव्हा पट्टा घसरला. त्यांनी तो दातांनी ओढून परत खांद्यावर घेतला. हे त्यांना आता सवयीचे झाले असल्याचे दिसले.

"तुम्ही अर्ज लिहू नका," ते म्हणाले. "तुमचे अर्ज चांगले असतात. लोक ते वाचतात."

माझ्या लेखनाविषयी त्यांनी काढलेले हे एकमेव चांगले उद्गार आहेत. ते मी जसेच्या तसे नोंदवीत आहे, आणि त्यांची आज्ञा मी अर्धी पाळीत आहे.

माझी अडचण सरळ आहे. दुखापत चाचणीत झाली, असे लिहिले तर एजन्सी विचारील, आधीची दुखापत का लपवली. आधी दुखापत होती, असे लिहिले तर परवाना विचारील, दाखला कुठे आहे. दाखला मिळवायला फोटो काढावा लागेल, आणि फोटो काढला तर हाड मोडल्याच्या दोन्ही खुणा एकावर एक दिसतील. आणि ज्या कागदावर "समाधानकारक" लिहिले आहे, तो माझ्या प्रत्येक वाक्याच्या विरुद्ध उभा राहील. इतक्या वर्षांत असा एकही विषय माझ्याकडे आला नव्हता, की ज्यात माणसाने परीक्षा दिली, उत्तीर्ण झाला, आणि त्या उत्तीर्ण होण्यानेच कामातून गेला.

तरी वरील सर्व बाबींचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन, ज्या कोणा अधिकाऱ्याच्या, डॉक्टरांच्या अथवा जाणत्या वाचकाच्या अधिकारात किंवा माहितीत असेल त्यांनी खालील बाबींचा खुलासा करावा, ही नम्र विनंती :

गनमॅनच्या खांद्याची तपासणी त्याच्या नोकरीला धक्का न लावता करता येईल, अशी काही तरतूद आहे किंवा कसे.

नसल्यास, ती व्हावी म्हणून कोणाकडे दाद मागावी.

आणि अशी दाद लागेपर्यंत, दारात उभ्या असलेल्या त्या माणसाला निदान एक खुर्ची मिळावी, हे कोणाला सांगावे.

उत्तर लेखी असावे. ते लवकर यावे, कारण त्यांची बोटे आता दिवसाही बधिर होऊ लागली आहेत, असे ताई म्हणते. मी माझ्या टेबलाशी असतो. कचेरी बंद असली तरी असतो.

कळावे,

आपला,
अर्जलेखक